मुलतानी माती आणि तेलकट, मुरुमांचा चेहरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काष्ठौषधीच्या दुकानात मुलतानी मातीची पुडी ३०-४० रुपयांना मिळते आणि घरात एकाने आणली की महिनोन् महिने पुरते. तेलकट चेहऱ्याला ती खरोखर उपयोगी आहे. पण तिच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि ती चुकीच्या पद्धतीने लावली जाते. त्यात चेहरा बिघडतो आणि औषधोपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

मुलतानी माती चेहऱ्यावर नेमकं काय करते?

तेल शोषून घेते. या मातीतली खनिजं अतिसूक्ष्म, पातळ पापुद्र्यांची किंवा तंतूंची असतात. त्यामुळे चमचाभर मातीचाही एकूण पृष्ठभाग प्रचंड असतो आणि तेलकट पदार्थ त्याला चिकटून बसतात. याच गुणामुळे पूर्वी मेंढीच्या लोकरीतली चरबी काढायला अशी माती वापरत, आणि आजही तेलं स्वच्छ करण्याच्या कारखान्यांत ती लागते. आपल्याकडच्या पुड्यांतली बरीचशी माती राजस्थानातून, बाडमेर-बिकानेर-जैसलमेरच्या पट्ट्यातून येते.

लेप धुतल्यावर चेहरा मऊ आणि चकाकी गेलेला दिसतो, तो या शोषणामुळे. हा परिणाम काही तासांचा असतो. त्वचेतल्या तैलग्रंथी किती तेल बनवतात हे मुख्यतः शरीरातली संप्रेरकं ठरवतात आणि तिथपर्यंत माती पोचत नाही. सकाळी लेप लावला आणि संध्याकाळी नाक पुन्हा चमकायला लागलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

मग मुरुम जातात की नाही?

फक्त मातीने मुरुम बरे होतील, असं मी कुणालाही सांगणार नाही.

मुरुम होताना चार गोष्टी एकत्र घडतात: तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्या जागी दाह होतो. पृष्ठभागावर आलेलं तेल माती टिपते. आतलं बूच, जिवाणू आणि दाह यांच्यावर तिचा भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे चेहरा तेलकट आहे आणि अधूनमधून एखादी पुटकुळी येते, अशांना मातीने बरं वाटतं. ज्यांच्या गालांवर, जबड्यावर, पाठीवर दुखऱ्या गाठी आहेत, त्यांना तिचा काही उपयोग नाही.

संशोधन अगदीच नाही असं नाही. जर्मनीत २०१२ साली माती आणि जोजोबा (एका झुडपाच्या बियांचं) तेल यांच्या लेपावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन-तीन वेळा लेप लावून सहा आठवड्यांत मुरुमांची संख्या कमी झाल्याचं त्यात आढळलं. पण लेप न लावणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. मुरुम आपोआपही कमी-जास्त होतात, त्यामुळे श्रेय मातीचं किती हे त्यातून कळत नाही. मातीकडे तेल टिपण्याचं स्वस्त साधन म्हणून पाहावं आणि औषधाचं काम औषधावर सोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाकावरचे ब्लॅकहेड निघतात का?

थोडे फिके दिसतात, मुळापासून निघत नाहीत. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. रोमछिद्रात अडकलेलं तेल, मृत पेशी आणि त्वचेचं रंगद्रव्य यांचा हवेशी संबंध येऊन तो रंग येतो, म्हणून घासून तो जात नाही. नाकावर दाबल्यावर जे बारीक पांढुरके धागे बाहेर येतात ते तर बहुतेक वेळा मुरुमच नसतात. ते प्रत्येकाच्या नाकावर असतात, काढले तरी पुन्हा भरतात. त्यांच्या मागे लागून नाक सोलून घेऊ नका.

लेप कसा करायचा आणि कसा लावायचा?

पावडर असेल तर दोन चहाचे चमचे पुरतात. खडे आणले असतील तर कुटून रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सकाळी मलमलच्या कपड्यातून गाळून घ्या. एकही कण राहता कामा नये, कारण सुजलेल्या पुटकुळीवर तोच कण ओरखडा काढतो. पावडरीत थोडं थोडं पाणी घालत दह्याइतकं सैल होईपर्यंत कालवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. माती पाणी पिते आणि गुठळ्या मोडतात.

आधी चेहरा साध्या फेसवॉशने धुवा. लेप सगळ्या चेहऱ्यावर थापायची गरज नाही. बहुतेकांचं तेल कपाळ, नाक आणि हनुवटी इथेच असतं, गाल बऱ्याचदा कोरडे असतात. जिथे तेल, तिथेच माती. डोळ्यांभोवतीचा भाग, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा सोडा. फुटलेल्या, पाणी येणाऱ्या मुरुमावर लावू नका.

काढताना आधी ओल्या मऊ कपड्याने किंवा पंचाच्या तुकड्याने हलकेच पुसून घ्या, मग कोमट पाण्याने धुवा. पुसायचं दुसरंही कारण आहे: जाड लेप थेट बेसिनमध्ये धुतला तर माती पाइपात बसते आणि काही महिन्यांनी प्लंबर बोलवावा लागतो. चेहरा ओलसर असतानाच हलकं मॉइश्चरायझर लावा.

पहिल्यांदाच लावत असाल तर आदल्या दिवशी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून धुवा आणि दिवसभर वाट पाहा.

पूर्ण वाळू द्यायचा ना? चेहरा ताणला गेला की काम होतंय असं म्हणतात.

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

लेप तीन अवस्थांतून जातो. सुरुवातीला ओला असतो. मग कडा फिक्या पडायला लागतात, मध्ये ओलावा असतो आणि बोट लावलं तर किंचित चिकटतं. शेवटी सगळा पांढुरका होतो, हसलं की भेगा पडतात. तेल टिपण्याचं काम पहिल्या दोन अवस्थांत होऊन जातं. नंतरचा ताण म्हणजे आटत जाणारी माती. त्वचा ‘टाइट’ होत असल्याची ती खूण नव्हे. वाळलेल्या लेपाने त्वचेचा वरचा थर कोरडा पडतो, आणि तो चिकटलेला लेप काढायला आपण घासतो. मुरुमांच्या चेहऱ्याला घासणं सगळ्यात वाईट.

म्हणून कडा फिक्या पडल्या की काढा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात याला १० ते १२ मिनिटं लागतील, तर मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पंख्याखाली बसलात तर पाच-सहा मिनिटांतच वेळ येईल. घड्याळापेक्षा लेपाकडे लक्ष ठेवा. लवकर वाळत असेल तर वरून पाण्याचा हलका फवारा मारा.

आठवड्यातून किती वेळा?

एकदा. चेहरा फारच तेलकट असेल आणि हवा दमट असेल तर दोनदा. हिवाळ्यात गाल खडबडीत झाले, पांढरट पापुद्रे दिसायला लागले, तर काही आठवडे बंद ठेवा. ‘रोज लावते, पण फरकच पडत नाही’ असं सांगणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर बऱ्याचदा तेल आणि कोरडेपणा दोन्ही एकाच वेळी असतात. वरून त्वचा सोललेली, आतून तेल चालूच. अशा वेळी मातीला विश्रांती द्या आणि मॉइश्चरायझर सुरू करा. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रोमछिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं, जेलसारखं हलकं निवडा.

पाण्याऐवजी लिंबू, दही, गुलाबपाणी, हळद यांपैकी काय घालू?

साधं पाणी सगळ्यात बरं. तरी एकेकाचं सांगते.

गुलाबपाणी चालेल, पण बाटलीवरचे घटक वाचा. पुष्कळ बाटल्यांत सुगंध मिसळलेला असतो आणि नाजूक त्वचेला तो चुरचुरतो. त्वचा कोरडेपणाकडे झुकणारी असेल तर चमचाभर ताजं, आंबट न झालेलं दही किंवा अर्धा चमचा मध घातला तर लेप सावकाश वाळतो. कडुनिंबाच्या पानांची पूड पुष्कळ जण घालतात. ती खूप बारीक नसेल तर टोचते. हळद, आंबेहळद चिमूटभरच, आणि आधी कानामागे तपासून, कारण हळदीचीही ॲलर्जी होते. स्वस्त चंदन पावडरीत चंदन किती आणि सुगंधित भुसा किती हे ओळखायची आपल्याकडे सोय नाही. खरं चंदन त्या भावात परवडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

लिंबू मात्र नको. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा लहान तितकं आम्ल तीव्र) साधारण ५ च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ. पुटकुळ्यांवर त्याने आग होते. रस राहिलेल्या जागेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्यांचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. खायचा सोडा, टूथपेस्ट आणि दालचिनी यांनाही चेहऱ्यापासून लांब ठेवा.

कालवलेला लेप उरला तर टाकून द्या. ओल्या मातीत, विशेषतः दही-मध घातलेलीत, जंतू वाढतात आणि फ्रिजमध्ये ठेवल्याने ते थांबतीलच असं नाही.

स्टीलच्या चमच्याने मातीचे गुण जातात म्हणतात, खरं का?

नाही. पाच मिनिटांच्या कालवण्याने काही होत नाही. वाटी-चमचा कोरडा आणि स्वच्छ असला म्हणजे झालं.

बेंटोनाइट, केओलिन, मुलतानी यांत फरक काय? गणपतीची शाडू उरली आहे, ती चालेल का?

बेंटोनाइट पाण्यात खूप फुगते आणि पुष्कळ तेल ओढते. आपल्या देशात तिच्या मोठ्या खाणी गुजरातेत कच्छमध्ये आहेत. अति तेलकट त्वचेला ती ठीक, पण तितकीच कोरडीही करते. केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती. ती फारशी फुगत नाही आणि तेल बेतानेच शोषते, म्हणून ज्यांची त्वचा तेलकट असूनही पटकन लाल होते त्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. मुलतानी माती साधारण या दोघींच्या मधली, पण खाणीप्रमाणे तिचा पोत आणि रंग बदलतो.

शाडू लावू नका. मूर्तिकामाची माती त्वचेसाठी शुद्ध केलेली नसते. तिच्यात बारीक वाळू असते आणि कारखान्यात ती कशाकशात मिसळली गेली हे कुणी तपासत नाही. विसर्जनाच्या बादलीतली माती तर रंगांसकट असते. उरलेली कोरी शाडू कुंडीत घाला, झाडांना चालेल. शेतातली किंवा नदीकाठची काळी चिकणमाती ‘नैसर्गिक’ म्हणून लावणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. मातीत जंतू असतात आणि उघड्या मुरुमातून ते आत जातात.

पुडी घेताना काय बघायचं?

चेहऱ्यासाठी विकलेली, बंद पुडी घ्या. तिच्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली हवी. सौंदर्यप्रसाधनांना हे कायद्याने बंधनकारक आहे. सुटी, पोत्यातून तोलून दिलेली माती स्वस्त पडते, पण ती कशासाठी दळली आहे कळत नाही. चिमूटभर बोटांत चोळून पाहा: टाल्कम पावडरीसारखी लागली तर बरी, खरखरली तर परत करा. भडक रंग आणि घमघमाट असेल तर काहीतरी मिसळलेलं आहे.

घरी आणल्यावर पुडी जोरात झटकू नका. या मातीत बारीक सिलिका (वाळूत असतं ते खनिज) असू शकते आणि तिची धूळ छातीत जाणं चांगलं नाही. दमा असेल तर अधिक जपा. आधी वाटीत पाणी घेऊन त्यात पावडर सोडली की धूळ उडतच नाही.

ट्यूबमधला ५००-६०० रुपयांचा क्ले मास्क जास्त चांगला असतो का?

सोयीचा असतो. त्यात ग्लिसरिनसारखे घटक असल्याने तो इतका कडक वाळत नाही, आणि टिकाऊपणाचे घटक असल्याने ओला असूनही खराब होत नाही. काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते मुरुमांना खरोखर उपयोगी आहे. पण पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकायच्या लेपातून त्याचा फायदा मर्यादितच मिळतो. महिन्याला हजारभर रुपयेच हाताशी असतील, तर मास्क पुडीतला ठेवा आणि उरलेले पैसे सनस्क्रीन, मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांच्या तपासणीवर घाला. मुरुम गेल्यावर मागे राहणारा काळा डाग उन्हाने गडद होतो आणि तो रोखायला कुठलाही मास्क सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

मुरुमांचं औषध चालू आहे. सोबत माती लावू का?

बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन, ट्रेटिनॉइन ही मुरुमांवर लावायची औषधं त्वचा आधीच कोरडी करतात. त्यांच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात माती पूर्ण बंद ठेवा. त्वचा सरावली की आठवड्यातून एकदा, तीही फक्त नाक-कपाळावर, आणि त्या रात्री औषधाला सुट्टी द्यायची का हे डॉक्टरांना विचारून. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर माती नकोच. त्या गोळ्यांनी ओठही फुटतात इतकी त्वचा कोरडी होते.

औषधाला ६ ते १२ आठवडे द्यावे लागतात. ‘पंधरा दिवस लावलं, काही झालं नाही’ म्हणून ट्यूब टाकून पुन्हा मातीकडे वळणारी मुलं-मुली फार आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं, थांबा, सोडू नका.

लेप लावल्यावर जास्तच पुटकुळ्या आल्या. आतली घाण बाहेर पडतेय ना?

नाही. ॲडापलीनसारख्या औषधाने सुरुवातीचे काही आठवडे मुरुम वाढल्यासारखे दिसू शकतात, कारण पेशींची उलाढाल वेगाने होते. माती तसं काही करत नाही. लेपानंतर लाली, खाज किंवा नव्या पुटकुळ्या आल्या तर तो त्रास आहे आणि लेप बंद करायचा आहे. थंड पाण्याने धुवा, साधं मॉइश्चरायझर लावा.

कपाळावर सारख्याच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर ते मुरुम नसून रोमछिद्रांतल्या बुरशीचा त्रास असू शकतो. दमट हवेत, घाम साचून तो वाढतो. त्याचं औषध वेगळं आहे.

दिवाळीत उटणं लावलं तर चालेल का?

अंगाला खुशाल लावा. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, संत्र्याची साल असं सगळं असलेलं उटणं हातापायांना छानच. चेहऱ्यावर मात्र ते भरड लागतं आणि आपण ते चोळतो. मुरुम असतील तर चेहरा सोडून अभ्यंग करा, घरच्यांचं मन दुखावण्याचं कारण नाही.

तेलाबद्दलही इथेच सांगते. खोबरेल चोपडून, घट्ट वेणी घालून शाळेत जाणाऱ्या मुलींच्या कपाळावर केसांच्या कडेने पुटकुळ्यांची रांग दिसते. ते तेल कपाळावर उतरतं आणि रोमछिद्रं बुजवतं. आठवडाभर मातीचे लेप लावण्यापेक्षा तेल न्हाण्याआधी दोन तास लावून धुऊन टाकलं, तर अशा कपाळाला जास्त फरक पडेल. उशीचा अभ्राही बदलत राहा.

मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला लावू का?

चालेल, आठवड्यातून एकदा. दाढी करायला लागला असेल तर त्या दिवशी नको. एक विनंती आहे: ‘वयात आला की होतात, आपोआप जातील’ असं म्हणून सोडून देऊ नका. काहींचे जातात, पण काहींच्या गालावर कायमचे खड्डे ठेवून जातात. मुलगा फोटो काढायचं टाळायला लागला, मान खाली घालून बोलायला लागला, तर ते लक्षात घ्या.

गरोदरपणात लावली तर चालते का? आणि माती खावीशी वाटते, त्याचं काय?

बाहेरून लावायला साधारणपणे हरकत नसते. खायची मात्र अजिबात नाही. मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, भाजलेली माती खावीशी वाटते, असं अनेक जणींना होतं आणि त्या लाजेपोटी सांगत नाहीत. लाजण्यासारखं यात काही नाही. शरीरात लोह कमी असल्याची ती बऱ्याचदा खूण असते. मातीत शिसं आणि जंतांची अंडी असू शकतात, शिवाय पोटात ती अन्नातलं लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मुरुमांची कुठलीही ट्यूब किंवा गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. आयसोट्रेटिनॉइनने बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं.

एक क्रीम लावलं की मुरुम दोन दिवसांत बसतात आणि रंगही उजळतो. ते आणि माती दोन्ही चालू ठेवू का?

ते क्रीम ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा सुंदर दिसतो, मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि क्रीम थांबवलं की मुरुमांचा लोंढा येतो. या त्रासाचं प्रमाण पाहून २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती हातोहात फिरतात. एकदम बंद करू नका, कसं सोडायचं ते डॉक्टर सांगतील. अशा चेहऱ्यावर तोवर माती नको.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दुखऱ्या, खोल गाठी असतील. खड्डे किंवा डाग राहायला लागले असतील. दोन-तीन महिने नीट काळजी घेऊनही नवे मुरुम येतच असतील. पाळी अनियमित आहे, जबड्याच्या कडेने मुरुम आहेत, हनुवटीवर राठ केस येतायत, अशा वेळी पीसीओएसची (बीजकोशांशी संबंधित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करायला हवी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जायला हवं.

खासगी तपासणी परवडत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत थोड्या पैशांत किंवा मोफत केस पेपर निघतो. बोर्डावर त्वचारोगासोबत गुप्तरोग, कुष्ठरोग असं लिहिलेलं असतं, ते वाचून बिचकू नका. मुरुमांचे रुग्ण तिथे रोज असतात. जाताना चेहऱ्याला काहीही लावू नका आणि आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, पुड्या, मैत्रिणीने दिलेलं क्रीमसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा.